सासऱ्यांचे दात डोंगरापलीकडे

मौन्सींच्या घरात मुलीला मागणी घालायला आलेल्या माणसाचे आधी पाय बघतात, तोंड मागाहून. असं असताना क्लेमंट पिंडरचं तिथे जमलं कसं, याचा उलगडा अजून कोणाला झालेला नाही. तो मूळचा लिंकनशरचा. तिकडची जमीन इतकी सपाट की रस्त्यात गतिरोधक आला तर लोक गाडी थांबवून त्याचा फोटो काढतात (असं सासरे म्हणत). आणि सासर कंब्रियातलं, ऐन डोंगरात. सासरे अमॉस मौन्सी ऐंशीचे झाले तरी कडे उतरताना पळत. बायको हेदर पळणारी, मेव्हणी रोवीना पळणारी. रोवीनाचा नवरा डेस्मंड, म्हणजे क्लेमंटचा साडू, पेन्रिथला दंतवैद्य होता आणि पळण्याविषयी तो न पळतानाही बोलत असे. हरणांच्या कळपात चुकून एखादी म्हैस शिरावी आणि हरणांनी भिडेपोटी तिला हाकलू नये, तसा क्लेमंट त्या घरात नांदत होता.

दरवर्षी जूनमधल्या एका शनिवारी मौन्सी मंडळी डोंगराची फेरी करत. पहाटे थ्रशगिलच्या घरून निघायचं, मधली धार चढायची, वरची शिखरं घ्यायची आणि संध्याकाळी पलीकडच्या ऑल्डरडेल खोऱ्यात 'ब्लॅक रॅम' नावाच्या पबात उतरायचं. पळणारे लांबच्या वाटेने जात. सासूबाई डॉर्कस 'आता वय झालं' म्हणून नुसत्या चालत, त्या जवळच्या वाटेने. आणि क्लेमंट गाडीने. सगळ्यांचे कोरडे कपडे आणि सासूबाईंनी केलेला मटणाचा पाय घेऊन तो रस्त्याने वळसा घालून पबात जायचा आणि कोपऱ्यातलं मोठं टेबल अडवून बसायचा. (हा पाय खायचा. जाड कणकेच्या कवचात भाजलेलं मटण, एवढं मोठं की दोघांनी उचलावं.) मंडळी दमून, भिजून, चिखलाने माखून आली की बिअरचे ग्लास भरून तयार. त्याला या कामाचा कमीपणा कधी वाटला नव्हता. खरं सांगायचं तर फेरीतला सगळ्यात चांगला भाग आपल्याच वाट्याला येतो, असं त्याचं गुपित मत होतं.

यंदाची फेरी मात्र निराळी होती. ही आपली शेवटची, असं अमॉसने जाहीर केलं होतं. अख्खं ऑल्डरडेल खोरं पबात जमणार होतं आणि अमॉस भाषण करणार होता. आठवडाभर आधी सगळे थ्रशगिलला जेवायला बसलेले असताना डेस्मंड म्हणाला, "सामानाची काळजी नाही. क्लेमंट आहेच. प्रत्येक मोहिमेला एक खेचर लागतंच."

सगळे हसले. हेदरही हसली, आणि ते मात्र क्लेमंटला लागलं.

"यंदा मी चालत येणार आहे," तो म्हणाला.

"कुठे?" सासूबाईंनी विचारलं.

"डोंगरावर."

"कुठल्या?"

"तुमच्याच."

हेदरने काटा खाली ठेवला आणि नवऱ्याला ताप आहे का, अशा नजरेने त्याच्याकडे पाहिलं. अमॉस मात्र खूश झाला. "येऊ दे पोराला," तो म्हणाला. (क्लेमंट चोपन्नचा होता, पण अमॉसच्या लेखी डोंगर न चढलेला कोणीही पोरच.) "पण मग सामान?"

"सामानाची व्यवस्था मी करतो," क्लेमंट म्हणाला. इथवर सगळं ठीक होतं.

व्यवस्था म्हणजे शेजारचा सेप रेल्फ. त्याची लाल व्हॅन होती आणि त्याला ऐकू जरा कमी यायचं. आयुष्य ट्रॅक्टरवर गेल्यामुळे त्याच्या कानात ट्रॅक्टर कायमचा सुरूच राहिला होता. क्लेमंटने त्याला फोन लावला.

"सेप, शनिवारी सामान पोचवायचंय."

"लगीन? कोणाचं?"

"सामान. पिशव्या. आणि पाय."

"अरे अरे. पायाला काय झालं?"

"पायाला काही नाही झालं. खायचा पाय. ब्लॅक रॅमला न्यायचाय. संध्याकाळी आम्हाला परत आणायचंय."

"काळा मेंढा? तू मेंढे कधीपासून पाळायला लागलास?"

"पब, सेप. पब."

"मग तसं म्हण ना. नेतो की. शनिवारी मी असाही तिकडेच पडलेला असतो."

या शेवटच्या वाक्यावर क्लेमंटने थोडा विचार करायला हवा होता, कारण ऑल्डरडेलच्या पबात सेप त्याला आजवर कधीच दिसला नव्हता. पण काम झाल्याच्या आनंदात त्याने फोन ठेवला आणि नवे बूट आणायला गेला.

शनिवारी पहाटे आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. अंगणात सेपच्या व्हॅनमध्ये पिशव्या चढत होत्या. पाय चढवताना सासूबाई स्वतः उभ्या राहून सूचना देत होत्या. तेवढ्यात अमॉसने क्लेमंटला बाहीला धरून गोठ्यामागे नेलं आणि खिशातून एक पत्र्याची डबी काढली.

"हे सांभाळ. आत दात आहेत."

"कोणाचे?"

"कोणाचे म्हणजे? माझे."

अमॉसने तोंड उघडून दाखवलं. आत कोणीच नव्हतं.

"पण डेस्मंड तर त्याच्या सगळ्या पेशंटांना सांगतो की माझ्या सासऱ्यांचे ऐंशीव्या वर्षी सगळे दात शाबूत आहेत."

"सांगू दे. बरं वाटतं त्याला. मी कार्लाइलला जाऊन चोरून बसवून आणलेत. त्याच्यापुढे माझं तोंड कधी उघडलंच नाही, कारण तो स्वतःचं मिटत नाही. डॉर्कसला ठाऊक आहे, पण आपल्याला ठाऊक नाही असं ती दाखवते. आता हे तुला. उताराला पळताना वाजतात रे. मागच्या वर्षी एकदा निसटले नि नेच्यात पडले. मी गुडघ्यावर बसून शोधतोय आणि डेस्मंड विचारतो काय शोधताय. म्हटलं, दुर्मीळ फूल. तोही बसला शोधायला."

"मग मी काय करू?"

"पबात पोचलो की गुपचूप हातात दे. दाताशिवाय भाषण होणार नाही आणि डॉर्कसचा पायही तोडता येणार नाही. पोरा, शेवटची फेरी आहे. माझी लाज तुझ्या खिशात आहे."

एवढा विश्वास क्लेमंटवर आजवर कोणी टाकला नव्हता. छाती भरून आली. आपण डोंगरात कुठे धडपडलो आणि डबी दलदलीत गेली तर, या दूरदृष्टीने त्याने ती आपल्या कोटाच्या खिशात घातली, कोट पिशवीत घातला आणि पिशवी सर्वात सुरक्षित जागी, म्हणजे सेपच्या व्हॅनमध्ये ठेवली.

पळणारे निघाले आणि बघता बघता वरच्या वळणाआड दिसेनासे झाले. क्लेमंट सासूबाईंबरोबर चढू लागला. पहिला तास त्याला स्वर्ग दोन बोटं उरल्यासारखं वाटलं. हवा थंड होती, चंडोल गात होते, नवे बूट करकरत होते. हे सगळं आपण इतकी वर्षं मोटारीच्या काचेतून का पाहिलं, अशी हळहळ त्याला लागली. पुढचा तास चढ लागला आणि हळहळ थांबली. सासूबाई सत्त्याहत्तरच्या, हातात काठी, आणि चढता चढता त्या अखंड बोलत होत्या. क्लेमंट फक्त 'हं' म्हणत होता. पुढे पुढे त्या 'हं'ला लागणारा श्वासही तो वाचवू लागला.

धारेवरच्या खिंडीत पोचले तेव्हा तो एका दगडावर जवळजवळ कोसळला. दोन्ही बाजूंना दोन खोरी पसरलेली, खाली रस्ता, ओढा, दगडी बांध, मेंढ्यांचे पांढरे ठिपके. हे सगळं मी पायांनी मिळवलं, या विचाराने त्याला भरून आलं.

"ते उजवीकडे पांढरं घर दिसतंय ना," सासूबाई काठीने दाखवत म्हणाल्या, "तो आपला ब्लॅक रॅम. आणि हा डावीकडे झाडीत दिसतोय तो हॅगडेलचा ब्लॅक रॅम."

"हॅगडेलचा म्हणजे?"

"म्हणजे हॅगडेलचा. दोन आहेत ना. फार जुनं भांडण आहे, दोन भावांचं. पब वाटून घेतले, नाव काही कोणी सोडेना."

"पण हे मला कोणी सांगितलं नाही."

"अरे बाळा, ते सांगायचं काय? सगळ्यांना ठाऊक असतं."

क्लेमंट सावकाश उठून उभा राहिला. खाली रस्त्यावरून एक लाल ठिपका येत होता. ओढ्यावरच्या पुलाशी रस्ता फुटत होता. उजवीकडे ऑल्डरडेल, डावीकडे हॅगडेल. ठिपका पुलाशी थांबला. मेंढ्या रस्ता ओलांडत होत्या. क्लेमंटने श्वास रोखला (जो काही उरला होता तो). मेंढ्या गेल्या. ठिपका आरामात डावीकडे वळला.

"सेप," क्लेमंट दोन्ही हात हलवत ओरडला, "सेप, उजवीकडे." जवळची एक मेंढी उजवीकडे सरकली.

"कोणाला हाका मारतोस?" सासूबाईंनी विचारलं.

"निसर्गाला," क्लेमंट म्हणाला.

मोबाईल काढला तर रेंज नव्हती. त्याच्या डोळ्यांपुढे भरलेला पब आला. सगळे गप्प झालेत, ऐंशीचा म्हातारा भाषणाला उभा राहिलाय, आणि तोंड उघडत नाही. क्लेमंटने खाली हॅगडेलकडे बघितलं. उतार असा की वरून टाकलेली टोपी थेट पबाच्या धुराड्यात जावी. पण पळणाऱ्यांची वाट लांबची होती. त्यांना या खिंडीत यायला दुपार टळेल. तेवढ्यात खाली जाऊन, डबी घेऊन, परत वर चढून पलीकडे उतरायचं. माणसाने कधी केलं नसेल असं नाही. क्लेमंटने केलं नव्हतं, एवढंच.

"डॉर्कस, तुम्ही व्हा पुढे. मी जरा... पळून येतो."

"पळून?"

"लांबच्या वाटेने येतो. राहवत नाही."

सासूबाई काठीवर दोन्ही हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचे डोळे पाणावले. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "एक ना एक दिवस तुझ्यातही उतरणार ते. अमॉसला किती आनंद होईल."

त्यांना खरं सांगायला क्लेमंट थांबला नाही. तो निघाला होता, आणि त्या उतारावर एकदा निघालेल्या माणसाला थांबणं आपल्या हाती राहत नाही. घसारा लागला तसे पायाखालचे दगडही त्याच्याबरोबर हॅगडेलला निघाले. तो काही काळ धावला, काही काळ घसरला, थोडा वेळ बसूनच गेला. आणि गंमत म्हणजे, भीती वाटत असतानाच त्याला मजा वाटू लागली. वारा कानात भणाणत होता. अंगात जे काही आयुष्यभर खुर्चीत बसून साचलं होतं ते सुटून निघाल्यासारखं वाटत होतं. एका बांधावरून त्याने उडी मारली, आणि उडी मारल्यावर त्याला कळलं की आपण उडी मारली. पलीकडे दलदल होती. तिने डावा बूट ठेवून घेतला आणि बाकीच्या क्लेमंटला जाऊ दिलं.

पबाजवळ आल्यावर त्याला दोन्ही बाजूंना झेंड्यांच्या दोऱ्या आणि मधोमध वाट दिसली. वाट म्हटल्यावर तो त्यात शिरला. अचानक शेकडो माणसं टाळ्या वाजवू लागली. कोणीतरी घंटा बडवू लागलं. हॅगडेलकरांची डोंगरावर पळायची शर्यत त्या दिवशी संपत होती आणि क्लेमंट नेमका शेवटच्या टप्प्यात घुसला होता. त्याच्या मागून खरे पळणारे दात-ओठ खात येत होते. थांबायला जागा नव्हती. तो तसाच पळत रेघ ओलांडून गेला, आणि एका बाईने त्याला कवेत धरून थांबवलं.

"शाब्बास. पन्नाशीवरच्यांत पहिले आलात तुम्ही. नंबर कुठाय?"

"दात कुठायत?" क्लेमंट धापा टाकत म्हणाला.

"काय?"

"दात. माझे नव्हेत. सासऱ्यांचे. लाल गाडीत आलेत."

बाईने त्याच्या एका बुटाकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे, आणि मागे वळून हाक मारली, "याला सावलीत घ्या रे. ऊन लागलंय. गोड चहा द्या." दोघांनी त्याला घोंगडीत गुंडाळून बाकावर बसवलं. एकाने नाडी बघितली. चहा मात्र फार छान होता, तो त्याने संपवला, आणि नाडीवाला दुसऱ्याची नाडी बघायला वळताच घोंगडीसकट पबात शिरला.

आत सेप रेल्फ ग्लास घेऊन शांत बसला होता.

"आलास? बाकीची कुठंयत?"

"दुसऱ्या ब्लॅक रॅममध्ये," क्लेमंट म्हणाला.

"मग दुसऱ्याचं नाव सांगायचं ना."

"नाव तेच आहे, सेप. गाडी काढ."

"रस्ता बंद. शर्यत आहे ना. उशिरापर्यंत कोणाला सोडायचे नाहीत. आणि मी प्यायलोय. प्यायलो नसतो तरी रस्ता बंद."

क्लेमंटने कोपऱ्यातल्या ढिगातून आपली पिशवी उपसली, कोट काढला, खिशात हात घातला. डबी होती. उघडून बघितलं. दात होते, आणि त्याच्याकडे बघून हसत होते. इतका हलका आपण आयुष्यात कधीच झालो नाही, असं त्याला वाटलं. डबी विजारीच्या खिशात टाकून तो निघाला, तेव्हा सेपने त्याच्या पायाकडे बघितलं आणि न बोलता आपला डावा गमबूट काढून पुढे केला. त्या क्षणी क्लेमंटला सेपचा सगळा बहिरेपणा माफ झाला.

चढणीविषयी फार बोलण्यात अर्थ नाही. एका पायात नवा बूट, दुसऱ्यात दोन माप मोठा गमबूट, खिशात सासरे. काही ठिकाणी तो हातांनी चढला. काही ठिकाणी त्याने देवाला, काही ठिकाणी दंतवैद्यकशास्त्राला शिव्या दिल्या. पण थांबला नाही. आपल्यावाचून कोणाचं तरी अडलंय ही भावना त्याला नवी होती, आणि ती त्याला मागून ढकलत होती. खिंडीत डोकं वर काढलं तेव्हा समोरून, धारेवरून, तिघं पळत येत होती. हेदर, रोवीना आणि पुढे डेस्मंड. अमॉस मागे कुठेतरी, दिसत नव्हता.

डेस्मंड थांबला. त्याने पायापासून डोक्यापर्यंत क्लेमंटकडे बघितलं. "तू? इथे कसा?"

"पळत," क्लेमंट म्हणाला. हे खरंच होतं.

"कुठून?"

"खालून. हॅगडेलला जाऊन आलो जरा."

"जाऊन आलास?" हेदर म्हणाली. "तू?"

ती त्याच्याकडे बघत होती. केस चिकटलेले, चेहरा लाल, आणि डोळ्यांत असं काहीतरी की जे क्लेमंटला मागणी घातल्या दिवसानंतर फारसं दिसलं नव्हतं. इथेच थांबावं, अमॉस आला की त्याच्या हातात डबी द्यावी आणि सावकाश उतरावं, हे शहाणपणाचं होतं. ते त्याला कळतही होतं. पण हेदर बघत होती.

"मग काय, साडू," डेस्मंड हसत म्हणाला, "येतोस खाली? बघू कोण आधी पोचतं."

"चल," क्लेमंट म्हणाला, आणि डेस्मंडचं हसू पुरं व्हायच्या आत निघाला.

आता उतार कसा उतरायचा हे त्याला ठाऊक झालं होतं. काहीच करायचं नाही. पण डेस्मंडला त्याची कला येत होती, तो उंच उंच उड्या घेत बरोबरीला आला. खिशातली डबी प्रत्येक पावलाला खडखडत होती.

"हे काय वाजतंय?" डेस्मंडने पळता पळता विचारलं.

"गुडघा," क्लेमंट म्हणाला.

डेस्मंड काही झालं तरी वैद्य होता. त्याचा चेहरा बदलला. "अरे, थांब. सांधा निखळेल तुझा. असा आवाज मी कधी ऐकलेला नाही."

"सवय आहे त्याला."

"क्लेमंट, ऐक. गंमत सोड. कायमचा लंगडा होशील." आणि काळजीने त्याचा वेग कमी झाला. क्लेमंटने तेवढ्यात अंतर काढलं. मागून हेदरचा आवाज आला, "जा, क्लेमंट, जा." मग मात्र त्याला कोणी आवरू शकलं नसतं. डेस्मंडही चूक उमगून जीव खाऊन मागे लागला. शेवटच्या कुरणात गमबूट निसटू लागला, क्लेमंट अडखळला, आडवा झाला आणि ओल्या गवतावरून लोळत गेला. लोळणारा माणूस पळणाऱ्यापेक्षा लवकर जातो, हे डेस्मंडला त्या दिवशी कळलं. फाटकाशी क्लेमंट उठला, पबाच्या भिंतीला हात लावला आणि तिथेच टेकून उभा राहिला.

अंगणातली सगळी माणसं उठून टाळ्या वाजवत होती. सासूबाई रुमालाने डोळे पुसत सगळ्यांना सांगत होत्या, "मुद्दाम लांबच्या वाटेने गेला. म्हणे राहवत नाही." डेस्मंड वाकून धापा टाकत होता. हेदरने येऊन चिखलासकट नवऱ्याला मिठी मारली. भर अंगणात, माहेरच्या माणसांसमोर. क्लेमंटला वाटलं, आपण आता मेलो तरी चालेल. (तसं ते फारसं दूरही नव्हतं.)

बऱ्याच वेळाने अमॉस उतरला. ओठ घट्ट मिटलेले, मान ताठ. लोक दुतर्फा उभे राहिले, टोप्या काढल्या गेल्या. शेवटच्या फाटकाला त्याने हात लावला आणि वळून एकदा डोंगराकडे बघितलं. तेव्हा मात्र कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. मग बोळात क्लेमंटने त्याच्या हातात डबी सरकवली. अमॉसने पाठ फिरवली, टक् असा आवाज झाला, आणि तो वळला तेव्हा वीस वर्षांनी तरुण दिसत होता.

"पोरा," तो म्हणाला, "तू माणूस आहेस."

भाषण फार सुंदर झालं. प्रत्येक शब्द स्वच्छ. अमॉसने डोंगराचे आभार मानले, डॉर्कसचे मानले, आणि शेवटी म्हणाला, "खाली आल्यावर डेस्मंडकडून ऐकलं की माझा थोरला जावई आज हॅगडेलला उतरून परत चढून आला. पुढच्या वर्षीपासून ही फेरी क्लेमंटने न्यायची." लोकांनी टेबलं बडवली. अमॉस खाली बसला, सुरी-काटा हातात घेतला आणि सगळे दात दाखवत म्हणाला, "चला, आणा आता डॉर्कसचा पाय."

क्लेमंटचा हात ग्लासापाशीच थांबला. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, ते हे. दात त्याने डोंगर ओलांडून आणले होते. पाय हॅगडेलच्या पबात, पिशव्यांच्या शेजारीच होता, आणि दातांच्या गडबडीत त्याच्याकडे त्याने वळूनही बघितलं नव्हतं.

"पाय?" मालकीणबाई विनी गॅस्कार्थ म्हणाल्या. "इथे तर काहीच आलं नाही. पिशव्याही नाहीत."

"कपडेही नाहीत?" रोवीनाने ओल्या बाह्या पिळत विचारलं.

सगळ्यांची तोंडं क्लेमंटकडे वळली, आणि तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. विनीबाई फोनवर प्रत्येक वाक्य मोठ्याने परत म्हणत, पलीकडच्याला नीट ऐकू जावं म्हणून.

"कोण, हॅगडेल? हां, बोला. मौन्सींनी पाय पाठवला? शर्यतीच्या लोकांसाठी? सेप म्हणाला?" त्यांनी डॉर्कसकडे बघितलं. "फार छान झाला होता म्हणतायत. तुकडा उरला नाही. मौन्सींचे आभार सांगा म्हणतायत."

डॉर्कसबाई हळूच खुर्चीत बसल्या.

"आणखी काय? एक जाडसर माणूस, एक बूट नसलेला? हो, आहे इथे. काय? बाद?" विनीबाईंनी क्लेमंटकडे पाहिलं. "विनानंबर, चुकीच्या बाजूने शर्यतीत घुसल्यामुळे तुम्हाला बाद केलंय म्हणे. आणि घोंगडी परत पाठवा. हां, बोला. काय मिळाले का?" त्यांनी भुवया उंचावल्या. "सासऱ्यांचे दात?"

डेस्मंडने सावकाश मान वळवून अमॉसकडे बघितलं.

"अमॉस," तो म्हणाला, "तोंड उघडा."

अमॉसने सुरी-काटा नीट शेजारी शेजारी ठेवला. "विनी," तो म्हणाला, "दुसरं काय आहे खायला?"

"वाटाण्याचं सूप आहे. चांगलं दाट."

"दे." आणि अख्ख्या खोऱ्यासमोर त्याने दात काढले, डबीत ठेवले आणि डबी क्लेमंटच्या पुढ्यात सरकवली. "शूपला कशाला हवेत?" तो म्हणाला.

हेदर आधी टेबलावर डोकं ठेवून हसली, मग खुर्चीवरून पडता पडता वाचली. "म्हणजे तू दातांसाठी पळालास?" डोळे पुसत तिने विचारलं.

"पहिला उतार दातांसाठी," क्लेमंट खाली मान घालून म्हणाला. "दुसरा तुझ्यासाठी."

मग तिने टेबलाखाली त्याचा चिखलाचा हात धरला. "दुसरा बरा पळालास," ती म्हणाली.

सूप आलं. सगळे ओल्या कपड्यांनी, गुडघे भिडवून प्यायले आणि ते चांगलं होतं. ग्लास रिकामे झाले, गप्पा रंगल्या. डेस्मंडसुद्धा, दोन ग्लासांनंतर, कार्लाइलच्या कारागिराने काम उत्तम केलंय असं मान्य करण्यापर्यंत आला. मग सासूबाईंनी शाल गुंडाळत विचारलं, "आता घरी जायचं कसं? सेप न्यायला येणार होता ना?"

"सेप प्यायलाय," क्लेमंट म्हणाला. "आणि रस्ता बंद आहे."

"आपली गाडी?"

"थ्रशगिलला. अंगणात."

अमॉसने खिडकीतून बाहेर बघितलं. जूनची संध्याकाळ, डोंगरावर अजून लख्ख ऊन होतं. मग त्याने क्लेमंटच्या खांद्यावर हात ठेवला.

"उजेड खूप आहे, पोरा," तो दातांशिवाय, पण अगदी स्पष्ट म्हणाला. "वाट आता तुला ठाऊक झाली. जा, पळत जाऊन गाडी घेऊन ये."

डेस्मंडने उठून मोठ्या अदबीने दार उघडून धरलं.